न पुसलेली बॅट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आल्मस्टॅडच्या मैदानावर गेली एकोणीस वर्षं पंच म्हणून उभे असलेले आणि एकोणीस वर्षांत एकदाही आपला निर्णय मागे न घेतलेले श्रीयुत ऑर्व्हल निगार्ड. व्यासपीठावरच्या खुर्चीत आम्ही चौघांनी धरून बसवलेल्या आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती व्हर्ना फेटिग. मागच्या टेबलांवर भट्टीतून काढलेल्या हॉटडिशची गरम भांडी मांडता मांडता माझ्याकडे संशयाने बघणाऱ्या भगिनी. आणि एवढा वारा सुटलेला असताना घर सोडून इथे आलेल्या माझ्या गावकरी बंधूंनो,

मला दहा मिनिटं दिलेली आहेत. माझी पत्नी जनेल म्हणते, सहा पुरेत. आणि व्हर्नाबाईंचं मत विचाराल तर मला माइकच द्यायला नको होता. बघा, मान हलवतायत!

नव्याने गावात आलेल्यांसाठी सांगतो. मी लीलंड हॉगन. सूर्यफुलाच्या बिया भाजायचा जो आपल्या गावचा कारखाना आहे, तिथला पाळीप्रमुख. माइकशिवाय ज्यांचा आवाज रेल्वेपलीकडच्या धान्याच्या कोठारापर्यंत पोचतो अशी या गावात दोनच माणसं आहेत. एक व्हर्नाबाई. हिवाळ्यात बर्फ लोटायची गाडी चालवताना त्यांना इंजिनाच्या वर आवाज काढावा लागतो. दुसरा मी. मला तशी काही गरज नसते, पण निघतो.

आता मला सांगा, एकतीस वर्षं या बाईंनी आपल्या सहा-सात वर्षांच्या पोरांना बेसबॉलची बॅट धरायला शिकवलं. त्यांच्याबद्दल बोलायला इथे शिक्षक आहेत, पाद्रीबाबा आहेत, चांगलं बोलणारी माणसं आहेत. मग मलाच का उभं केलं? कारण सरळ आहे. व्हर्नाबाईंनी या गावात सगळ्यात जास्त वेळा ज्याचं तोंड बंद केलं, तो मी.

त्यांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. जो पालक कुंपणापाशी उभा राहून 'कोपर वर!', 'चेंडू बघ!', 'अगं काय करतेस!' असं ओरडतो, त्याच्यापाशी बाई शांतपणे चालत येतात आणि बियांची पिशवी हातात देतात. "तोंडभर घ्या. पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत तोंड रिकामं दिसता कामा नये." बस. वाद नाही, भांडण नाही. तोंडात पन्नास बिया असल्या की माणूस सोलण्यात आणि थुंकण्यात इतका गुंततो की उपदेश करायला त्याला सवडच उरत नाही. या हॉलमध्ये कुणाकुणाला पिशवी मिळाली होती? हात वर करा बरं, लाजू नका. अरे बापरे! अध्यक्षमहाराज, आपणसुद्धा?

आणि माझं दुःख असं, की ती पिशवी माझ्याच कारखान्याची असायची. मीठ माझ्याच हातचं!

असो. गोष्ट बारा वर्षांपूर्वीची आहे. माझी मुलगी ब्रिटा तेव्हा सात वर्षांची होती. त्या वयात आपल्याकडे समोरच्या संघाचा कुणी चेंडू टाकत नाही. बाईच आपल्या पोरांना टाकतात. एक गुडघा मातीत टेकून, हळू, छातीच्या उंचीवर. प्रत्येकाला पाच चेंडू. पाचांत एकही लागला नाही, तर रबरी खुंट आणून पुढ्यात उभा करायचा, त्याच्यावर चेंडू ठेवायचा आणि पोराने तो मारून पळायचं. ही दयेची सोय आहे. पण सात वर्षांच्या मुलांना दया बरोब्बर ओळखू येते.

ब्रिटासाठी सहा सामन्यांत सहा वेळा खुंट आला.

सहाव्या सामन्यानंतर आम्ही गाडीतून घरी चाललो होतो. गाडी मी चालवत होतो. मागच्या सीटवरून ती म्हणाली, "आई, शेवटच्या सामन्यापर्यंत मला बाईंचा चेंडू लागला नाही ना, तर पुढच्या वर्षी मी येणार नाही. कधीच येणार नाही."

नीट ऐका. "आई" म्हणाली. मी दीड हातावर बसलो होतो, पण माझ्याशी नाही बोलली. जनेलने माझ्याकडे एक नजर टाकली. त्या नजरेचा अर्थ लग्न झालेल्यांना सांगायला नको.

आता मी बाप. मी काय विचार केला असेल? माझा आवाज चुकतोय असा? छे! मी ठरवलं, बॅट चुकतेय. ती बॅट तिच्या मावसभावाची जुनी, पोचे पडलेली. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी थेट बिस्मार्क शहर गाठलं आणि नवी कोरी बॅट आणली. काळीभोर, चकचकीत, एकोणतीस इंची. दुकानातला पोरगा म्हणाला, "सात वर्षांच्या मुलीला मोठी होईल हो." मी म्हटलं, "वाढत्या अंगाची आहे. तीन वर्षं पुरेल." हसू नका. तुमच्या घरात कोट वाढीला घेत नाहीत? बूट वाढीला घेत नाहीत?

सरावाला बाईंनी ती बॅट बघितली.  ब्रिटाला म्हणाल्या, "एका हातात धर. हात बाजूला सरळ. मी वीसपर्यंत मोजते." नऊला बॅटचं टोक जमिनीला लागलं. मग बाई शेडमध्ये गेल्या आणि बेसच्या, म्हणजे पळत गाठायच्या गाद्यांच्या, खिळ्यांसाठी भोकं पाडायची ती लोखंडी पहार आहे ना, ती घेऊन आल्या. माझ्या हातात दिली.

"फिरव."

"काय?"

"तुझ्या मापाने तिची बॅट एवढी होते. फिरव ना! तीन वर्षं पुरेल."

मी फिरवली. खांद्याचं काय झालं ते डॉक्टरांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बिस्मार्क. या खेपेला सव्वीस इंची, काळीच, हलकी. त्या दुकानातल्या पोराने हसू दाबलं, त्याबद्दल मी आजही त्याचा आभारी आहे.

मग बाईंनी मला घरचा अभ्यास दिला. हो, मला! सहा जुने चेंडू आणि फळ्यावर लिहायच्या पांढऱ्या खडूंचा एक डबा. म्हणाल्या, "रोज संध्याकाळी वीस चेंडू. प्रत्येक चेंडूला खडू चोळायचा. तू गुडघा टेकून हळू टाकायचेस. चेंडू जिथे लागेल तिथे बॅटवर पांढरा डाग उमटेल. शनिवारी मला ती बॅट दाखवायची. आणि लीलंड, अंगणातसुद्धा तोंडात बिया."

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मी मातीत गुडघा टेकत होतो, बिया चावत होतो, चेंडू टाकत होतो. आणि मंडळी, तिला लागत होता! वीसांत तीन वेळा, कधी चार वेळा. पण लागायचा कुठे, तर पार मुठीला लागून, बॅटच्या अगदी खालच्या भागाला. टक् करून आवाज यायचा आणि चेंडू तिच्याच पायाशी पडायचा. रोजचे वीस झाले की मी फडकं ओलं करून बॅट स्वच्छ पुसायचो. नवी बॅट. चकचकीत राहायला नको? मी स्वतःला तसंच सांगत होतो.

शनिवारी बाईंनी बॅट हातात घेतली. फिरवून फिरवून बघितली. आरशासारखी लखलखत होती.

"चार दिवस, वीस-वीस चेंडू. ऐंशीत एकही लागला नाही?"

"लागले की," मी म्हटलं. "थोडे."

"मग खडू कुठे गेला?"

"पुसला. नवी बॅट आहे ना, म्हणून..."

तेवढ्यात ब्रिटा बोलली. बुटाकडे बघत, हळूच. "वाईट ठिकाणी लागले ना बाई, म्हणून. मुठीजवळ. बाबा रोज पुसतात. म्हणजे मग कुणाला दिसत नाहीत."

मंडळी, मी काही वाईट माणूस नाही. पण पोरगी खरं बोलत होती. ते खालचे डाग बाईंना दिसू नयेत असंच मला वाटत होतं. हॉगनची मुलगी मुठीवर चेंडू घेते, हे गावाला का दाखवायचं? मी हे तिला कधी बोललो नव्हतो. शपथेवर सांगतो, चकार शब्द नाही. तोंडात बिया होत्या ना! पण फडकं तर माझ्याच हातात होतं, आणि ती रोज बघत होती.

बाईंनी मला बाकामागे नेलं. मला वाटलं, आता हजेरी घेणार. घेतली असती तर बरं वाटलं असतं. त्या अगदी हळू आवाजात बोलल्या, आणि त्यांचा हळू आवाज मी आयुष्यात त्या एकदाच ऐकलाय.

"किती लागले असतील, लीलंड? सगळे मिळून?"

"बारा... तेरा."

"म्हणजे तुझ्या पोरीने तेरा वेळा चेंडू मारला. फिरत्या बॅटने, उडता चेंडू. आणि तू तेराही पुसून टाकलेस. तिला वाटतंय, आपल्याला एकदाही लागला नाही!" मग म्हणाल्या, "अरे, तू ओरडतोस त्याचं मला काही नाही. त्याला माझ्याकडे बिया आहेत. याला काय देऊ?"

याला काय देऊ! घरी जाताना माझ्या तोंडात एकही बी नव्हती, तरी शब्द फुटेना. जनेलने विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" एवढा वेळ मी गप्प म्हणजे तिला तापच वाटला असणार.

त्या संध्याकाळी पहिला चेंडू टक् करून मुठीशी लागला आणि ब्रिटाने सवयीने फडक्याकडे बघितलं. मी ते फडकं कुत्र्यापुढे टाकलं. तो ते घेऊन कोठारामागे पळाला, आणि आजतागायत परत आणलेलं नाही. मी तोंडातल्या बिया थुंकून टाकल्या. नियम मोडला बाई, मान्य आहे. म्हटलं, "ब्रिटा, चुकलो मी. हे डाग पुसायचे नसतात. हे सगळे तुझे आहेत."

"हा खालचापण?"

"खालचापण. तो तू मारलायस."

ती त्या डागाकडे इतका वेळ बघत राहिली, की मला वाटलं आता सराव राहिला. मग म्हणाली, "टाका पुढचा."

त्यानंतरचे दहा दिवस ती बॅट कुणी धुतली नाही. डाग रोज वाढत होते आणि बोट-बोट वर सरकत होते. ब्रिटा ते मोजायची. जनेल पोळपाटावरची लेफ्सा, ती बटाट्याची पोळी, तशीच टाकून दारात बघायला यायची. पोरगी बॅट घेऊन झोपायची, चादर पांढरी. रविवारी बॅट घेऊन चर्चमध्ये आली, बाक पांढरा. पाद्रीबाबा, तो तुमचा काळा झगा पांढरा कशाने झाला होता, याचा आज उलगडा झाला असेल. क्षमा असावी.

आणि मग शेवटचा सामना. जुलैचे पहिले दिवस, वारा आजच्यासारखाच. शेजारच्या गावची पोरं आली होती. कुंपणापाशी मी, तोंडात दोन्ही गालभर बिया. ब्रिटाची पाळी आली. बाईंनी गुडघा टेकला.

पहिला चेंडू तिने नुसता बघितला. दुसऱ्यावर बॅट फिरवली, हुकला. तिसरा हुकला. चौथ्यावर एवढ्या जोरात फिरवली, की पोरगी गिरकी घेऊन मातीत बसली. हेल्मेट डोळ्यांवर. समोरच्या बाकावर कुणीतरी हसलं. आणि आपल्याकडचं एक भलं माणूस नेहमीप्रमाणे रबरी खुंट उचलून निघालं. ब्रिटाने तो खुंट येताना बघितला. बॅट तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली, ते मला कुंपणातून दिसलं. काय काय ओरडावंसं वाटलं म्हणून सांगू! तोंडात बिया.

"ठेव तो खाली," बाई म्हणाल्या. "माझा एक चेंडू बाकी आहे."

मग त्या उठल्या. तेव्हाही त्यांचा गुडघा कुरकुरायचा. चालत पहिल्या बेसच्या रेषेपर्यंत गेल्या. ती पांढरी, चुन्याची, सकाळीच आखलेली रेषा. वाकल्या आणि चेंडू त्या रेषेत गोल गोल फिरवला, चांगला माखेपर्यंत. सगळ्या मैदानादेखत!

अध्यक्षमहाराज, पंच आपणच होता. चुना फासलेला चेंडू नियमात बसतो का? मला ठाऊक आहे आपण काय केलंत. आपण चष्मा काढलात, आणि तो पुसायला आपल्याला फार वेळ लागला. एकोणीस वर्षांतला आपला सर्वोत्तम निर्णय तोच, असं माझं नम्र मत आहे.

बाई परत येऊन गुडघ्यावर बसल्या. म्हणाल्या, "ब्रिटा, लांब नको मारूस. जोरात नको मारूस. मला फक्त याचा डाग दाखव."

आणि टाकला.

टण्ण! मुठीवरचा टक् नव्हे हो, टण्ण! चेंडू बाईंच्या कानाजवळून गेला, दुसऱ्या बेसच्या वरून गेला आणि लांब गवतात जाऊन पडला. तिथे त्यांचे दोन खेळाडू पिवळी फुलं तोडत बसले होते. मी ओरडलो. गालात बिया आहेत हे विसरून ओरडलो. त्या सगळ्या बिया कुंपणाच्या जाळीतून जाऊन पंचमहाशयांच्या पाठीवर बसल्या. ऑर्व्हल, बारा वर्षांनी सर्वांसमक्ष दिलगिरी व्यक्त करतो.

पण ब्रिटा कुठे पळाली? पहिल्या बेसकडे? अजिबात नाही! ती पळाली थेट माझ्याकडे, कुंपणाकडे, बॅट दोन्ही हातांनी डोक्यावर धरून. "बाबा! बघा! जाड भागावर! बरोब्बर मध्ये! पुसू नका हं, पुसू नका!"

अख्खं गाव किंचाळतंय, "अगं पळ! तिकडे पळ!" आणि पोरगी जाळीला नाक लावून मला डाग दाखवतेय. वाटोळा, पांढराफेक. चेंडूची शिवणसुद्धा उमटली होती त्यात.

तेव्हा बर्फ लोटायच्या गाडीचा तो आवाज निघाला. "ब्रिटा हॉगन! आधी बेस, मग बाप!"

पळाली. बॅट हातातच. पलीकडे चार पोरं एकाच चेंडूवर आडवी पडून "माझा, माझा" करत होती. तिने बेसवर दोन्ही पायांनी उडी मारली. अध्यक्षमहाराजांनी हात पसरले आणि आपला निर्णय दिला: सेफ, नाबाद! तो निर्णयही त्यांनी अजून मागे घेतलेला नाही.

मी टाळ्या वाजवू शकलो नाही. जनेल माझ्या पाठीत बुक्के मारत होती. गेली बारा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलोय, की घशात बी अडकली होती, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. आज माइकवरून सांगतो. बी नव्हती. एकही नव्हती, सगळ्या ऑर्व्हलच्या पाठीवर होत्या. मी रडत होतो. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

त्या वयात धावा मोजायच्या नाहीत असा बाईंचा नियम आहे. मी मोजल्या होत्या. अठरा-अकरा जिंकलो. तेवढं एक पोटात घाला.

व्हर्नाबाई, डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय, की आता गुडघा टेकायचा नाही. तुम्ही बहिणीकडे अ‍ॅरिझोनाला चालला आहात. तिथे बर्फ नाही, म्हणजे तुम्ही कुणावर ओरडणार, ही आम्हा सगळ्यांना काळजी आहे. एकतीस वर्षांत तुम्ही किती पोरांसमोर गुडघा टेकलात, ते तुम्हालाच ठाऊक. पण ज्या मोठ्या माणसांना तुम्ही शहाणं केलंत, त्यांची यादी इथे हात वर करून बसली होती. त्यात पहिला मी. तुम्ही माझ्या मुलीला चेंडू मारायला शिकवलंत, त्यापेक्षा मला त्याचा डाग बघायला शिकवलंत, याचे आभार मी कसे मानू?

समितीने तुम्हाला घड्याळ दिलं आहे. चांगलं आहे. पण हॉगनांच्या घरून एक वेगळी वस्तू आली आहे. जरा ते फडकं, नाही, फडकं नको म्हणायला, ती गोधडी सोडा हो कुणीतरी. ही ती बॅट. सव्वीस इंची. बारा वर्षं आमच्या मागच्या दारापाशी खिळ्यावर टांगलेली होती. जनेलने त्या भिंतीला दोनदा रंग दिला, पण बॅटला हात लावला नाही. खालचे डाग पुसट झालेत. मधला तेवढा अजून दिसतो. तुम्ही दर उन्हाळ्यात दारावरून जाताना विचारायचात, "आहे का रे अजून?" आता विचारायला लागू नये म्हणून ब्रिटाने तो डाग बॅटसकट तुम्हाला द्यायचं ठरवलं आहे. कल्पना तिची आहे, माझी नाही. माझ्याच्याने झालं नसतं.

आणि सोमवारपासून त्या मातीत तुमच्या जागी गुडघा कोण टेकणार, हे तुम्हाला माहीत आहे. खडूंचा डबा तिने कालच आणला.

आता मी थांबलंच पाहिजे. कारण ती तिकडून चालत येतेय, मधल्या वाटेने, आणि तिच्या हातात बियांची पिशवी आहे. अगं, दोनच वाक्यं! बाई, बघा, हसताय काय, तुम्हीच शिकवलंय तिला!

अध्यक्षमहाराजांचे, समितीचे, स्वयंपाकघरातल्या भगिनींचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल, कुणाला लागलं असेल, वेळ जास्त झाला असेल, तर ते सगळं खुशाल पुसून टाका.

बॅटला मात्र, व्हर्नाबाई, तिकडे अ‍ॅरिझोनात कुणाला फडकं लावू देऊ नका.